परक्या ग्रंथाचें जुनें भाषांतर : विश्वास कशावर ठेवावा?

वैशाख शुद्ध तृतीयेस आमच्या केनवडच्या घरीं सारें कुटुंब एकत्र जमण्याचा परिपाठ आहे. वाशीम जिल्ह्यांतील रिसोड तालुक्यांतलें हें आमचें गांव. आमच्या वर्‍हाडांत या दिवसाचें महत्त्व दुहेरी. सकाळीं पितरांच्या नांवानें पाण्यानें भरलेली घागर पुजावयाची व पुरणपोळी आणि आंब्याचा रस यांचें पान त्यांस दाखवावयाचें. आणि संध्याकाळपासून कान लावावयाचे ते बुलढाणा जिल्ह्यांतील भेंडवळच्या घटमांडणीकडे. तेथें शेतांत घट आखून अठरा प्रकारचीं धान्यें मांडितात. मधल्या खळग्यांत पावसाळ्याच्या चार महिन्यांचीं म्हणून चार ढेकळें ठेवितात व त्यांवर पाण्याची घागर ठेवितात. रात्रींत काय हाललें, काय भिजलें, हें दुसऱ्या दिवशीं पहाटे पाहून पाऊसपाण्याचें व पिकांचें भाकीत सांगण्यांत येतें. सोयाबीन किती पेरावें व तूर किती, याचा निर्णय शहाणा शेतकरी केवळ त्यावर करीत नाहीं. तरी ऐकतात मात्र सर्व.

यंदाच्या तृतीयेस पुण्याहून आलेल्या आमच्या पुतण्यानें ह्या भाकितांत आणखी एकाची भर घातली. चीन देशांतील ‘यि-चिंग’ नामक प्राचीन कौलग्रंथाचीं दोन इंग्रजी भाषांतरें त्यानें बरोबर आणिलीं होतीं. एक जेम्स लेग यांचें, १८८२ सालचें. दुसरें रिचर्ड विल्हेल्म यांच्या जर्मन ग्रंथावरून कॅरी बेन्स या बाईंनीं केलेलें, १९५० सालचें. जेवणें आटोपल्यावर ओसरीवर बसून त्यानें रुपयाचीं तीन नाणीं काढिलीं आणि मनांतला प्रश्न सर्वांदेखत उघड केला : पुण्याची नोकरी सोडून शेतीवर परत यावें कीं नाहीं? ह्या प्रश्नामागें थोडा इतिहास आहे. आमचे वडीलबंधु, म्हणजे त्याचे वडील, यांनीं कर्ज काढून शेतांत दोन बोअर घेतले. दोन्ही कोरडे गेले. तेव्हांपासून शेताचा हिशेब सुधारलेला नाहीं, आणि त्याविषयीं घरांत कोणी बोलतहि नाहीं.

नाणीं सहा वेळां फेकून ग्रंथांतील अठरावी आकृति आली, आणि तींतील पहिली रेषा विशेष लक्ष देण्याजोगी निघाली. पुतण्यानें प्रथम लेगसाहेबांचें भाषांतर वाचलें. त्याचा आशय असा : वडिलांनीं ओढवून घेतलेल्या अडचणी मुलगा निस्तरीत आहे, तो कर्तबगार असेल तर वडिलांवर चुकीचा ठपका राहाणार नाहीं, प्रसंग धोक्याचा आहे, परंतु शेवट चांगला. झोपाळ्यावर दादा बसले होते. ते कांहींच बोलले नाहींत. मुलास आपल्या वाचनाचा अर्थ उशिरा लक्षांत आला, आणि त्यानें घाईघाईनें दुसरें पुस्तक उघडलें. तेथें मजकूर बहुतेक तोच. फरक एवढाच कीं, मुलगा असेल तर ‘दिवंगत’ पित्यास दोष लागत नाहीं, असें म्हटलेलें.

दादा शांतपणें म्हणाले, “एका पुस्तकांत मी चुकलों आहें, आणि दुसऱ्यांत मी मेलों आहें. यांतलें खरें कोणतें तें तुझ्या काकांस विचार.”

मुलानें खरोखरच विचारलें. “काका, दोघेहि मोठे विद्वान. मग विश्वास कोणावर ठेवायचा?” त्या वेळीं आम्हांस नीट उत्तर देतां आलें नाहीं. पुढें कांहीं दिवस दोन्ही पुस्तकें शेजारीं ठेवून वाचलीं, भोंवतालची माहिती गोळा केली, आणि जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों. प्रश्न चीनच्या ग्रंथाचा असला तरी तो आपल्या घराबाहेरचा नाहीं. आपल्यांपैकीं कित्येक जण उपनिषदें आणि गीता ह्यांचीं भाषांतरेंहि इंग्रजींतूनच वाचतात.

प्रथम ग्रंथाची ओळख. ‘यि-चिंग’ म्हणजे ‘परिवर्तनांचा ग्रंथ’. चीनच्या पांच प्राचीन मान्य ग्रंथांत याची गणना होते. मूळ भाग इसवी सनापूर्वीं सुमारें १००० ते ७५० ह्या काळांत सिद्ध झाला असें आजचे अभ्यासक समजतात. परंपरा मात्र त्याचें कर्तृत्व फू-शी हा आदिपुरुष, वन् राजा, त्याचा पुत्र चौचा सरदार आणि शेवटीं कन्फ्यूशियस असें वांटून देते. इसवी सनापूर्वीं २१३ मध्यें छिन् सम्राटानें जुने ग्रंथ जाळविले, तेव्हां शकुनाचा उपयुक्त ग्रंथ म्हणून हा वांचला. ज्या अंगामुळें पुढें कित्येक विद्वानांस हा ग्रंथ अडचणीचा वाटला, त्याच अंगानें त्याचें रक्षण केलें.

ग्रंथांत चौसष्ट आकृति आहेत. प्रत्येक आकृति सहा आडव्या रेषांची. रेषा अखंड तरी किंवा मध्यें तुटलेली तरी. ज्यांनीं शाळेंत वृत्तें पाठ केलीं आहेत त्यांस ही रचना चटकन् समजेल. अखंड रेषेस लघु म्हणा, दोन तुकड्यांच्या रेषेस गुरु म्हणा. तीन रेषांचे प्रकार होतात आठ. तेच आपले य, म, त, र, ज, भ, न, स हे आठ गण. दोन गण एकावर एक ठेविले कीं आठ गुणिले आठ, चौसष्ट. षडक्षरी चरणाचा प्रस्तार मांडिला तर पिंगलाच्या शास्त्रांतहि चौसष्टच रूपें येतात. आमच्या पुतण्याची अठरावी आकृति खालून वर वाचली तर भगण आणि तगण अशी होते. अर्थात् हें साम्य केवळ गणिताचें. दोन चिन्हें सहा जागीं मांडिलीं म्हणजे जगांत कोठेंहि चौसष्टच रूपें निघणार. त्यावरून चीननें आपल्यापासून घेतलें किंवा आपण चीनपासून घेतलें, असें सिद्ध होत नाहीं. ही सूचना येथेंच देऊन ठेवितों, कारण पुढें तिचा उपयोग पडणार आहे.

प्रत्येक आकृतीस एक नांव, एक लहानसें वचन, आणि सहाहि रेषांस एकेक वचन आहे. हा झाला मूळ ग्रंथ. तो अगदींच थोडका आहे. त्यावर ‘दहा पंख’ नांवाचीं दहा प्राचीन प्रकरणें, आणि त्यांवर दोन हजार वर्षांच्या टीका. कौल पाहाण्याची जुनी रीत एका वनस्पतीच्या पन्नास काड्यांची. त्यांतील एक बाजूस ठेवून एकूणपन्नास काड्या वांटीत जावयाचें. तीन नाण्यांची रीत त्या मानानें अलीकडची व सोपी.

आतां भाषांतरकाराची अडचण पाहा. चिनी मूळ वचनांत बहुधा कर्ता नसतो, काळ नसतो, एकवचन-अनेकवचन नसतें. एकेका वचनांत चार-पांच अक्षरें. आपल्याकडील सूत्रग्रंथांची जी स्थिति तीच येथें. ‘अथातो’ एवढ्यावरून काय समजावें हें भाष्यकार सांगतो, आणि भाष्यकार बदलला कीं दर्शनहि बदलतें. तेव्हां यि-चिंगचें भाषांतर करणाऱ्यास प्रथम हें ठरवावें लागतें कीं, आपण सूत्राचें भाषांतर करीत आहों, भाष्याचें करीत आहों, कीं दोहोंची खिचडी करून वाढीत आहों.

युरोपांतील पहिलें संपूर्ण भाषांतर लॅटिन भाषेंत रेजीस आदि जेझुइट पाद्र्यांनीं केलें. अठराव्या शतकांत झालेलें हें काम छापून निघालें तें मात्र १८३४ ते १८३९ ह्या काळांत. इंग्रजींतील पहिलें पूर्ण भाषांतर टॉमस मॅक्‌क्लॅची या पाद्र्याचें. तें १८७६ सालीं शांघाय येथें छापलें गेलें. मॅक्‌क्लॅची यांस चिनी येत होतें, परिश्रमहि त्यांनीं पुष्कळ केले. परंतु ग्रंथ उघडण्यापूर्वींच त्यांत काय सांपडणार हें त्यांनीं ठरवून ठेविलें होतें. जगांतील सर्व मूर्तिपूजक धर्मांचा उगम एकच, ही त्यांची पक्की समजूत. तिच्या भरांत पहिल्या दोन आकृतींत, म्हणजे चिनी विद्वान् ज्यांस आकाश व पृथ्वी म्हणतात त्यांत, त्यांस लिंगपूजेचीं चिन्हें दिसूं लागलीं. याच सुमारास तेरियां द लाकुपेरी ह्या गृहस्थांनीं तर हा ग्रंथ मुळांत बाबिलोनकडील शब्दांचा कोश असल्याचें प्रतिपादिलें. वर गण-प्रस्ताराच्या साम्याविषयीं आम्हीं जी सूचना दिली ती अशाच उड्या टाळण्यासाठीं होय. साम्य दिसलें कीं उगम सांपडला, असें समजणारा भाषांतरकार मूळ ग्रंथाचें कमी आणि आपल्या मताचें अधिक भाषांतर करितो.

जेम्स लेग यांची जात निराळी. स्कॉटलंडांतील हंट्ली गांवीं १८१५ सालीं यांचा जन्म झाला. हेहि मिशनरीच, आयुष्याचीं कितीतरी वर्षें हाँगकाँगमध्यें गेलीं, पुढें १८७६ सालीं ऑक्सफर्डमध्यें चिनी भाषेचे पहिले प्राध्यापक झाले. यि-चिंगचा पहिला खर्डा त्यांनीं १८५४-५५ मध्यें लिहिला. परंतु आपणांस ग्रंथ उमगला नाहीं हें ओळखून तो बाजूस ठेविला. १८७० सालीं तें हस्तलिखित तांबड्या समुद्राच्या पाण्यांत महिन्यावर भिजत पडलें; मोठ्या जपणुकीनें सुकवून त्यांनीं तें वाचण्याजोगें केलें. प्रत्यक्ष ग्रंथ छापला गेला १८८२ सालीं, म्हणजे पहिल्या खर्ड्यानंतर सुमारें सत्तावीस वर्षांनीं. ‘मला समजत नाहीं’ म्हणून इतका काळ थांबणारा मनुष्य आदरास पात्र आहे, यांत शंका नाहीं.

लेग यांचे दोन गुण विशेष. पहिला असा कीं, त्यांनीं मूळ वचनें आणि ‘दहा पंख’ हीं निरनिराळीं छापलीं. रूढ चिनी प्रतींत हीं एकमेकांत विणलेलीं असतात. लेगनीं तीं सोडवून वाचकास सूत्र कोणतें व भाष्य कोणतें हें दाखविलें. दुसरा गुण असा कीं, इंग्रजी वाक्य पुरें करण्यासाठीं जो शब्द पदरचा घालावा लागला तो त्यांनीं कंसांत ठेविला. आमच्या ओसरीवर वाचलेल्या वचनांतील ‘मुलगा’ हा पहिल्या ठिकाणीं कंसांत आहे. आणि ‘कर्तबगार’ हा शब्दहि कंसांत आहे. पुतण्यानें मोठ्यानें वाचतांना कंस ऐकूं आले नाहींत, म्हणून ‘कर्तबगार’ ही अट ग्रंथाची समजून तो खजील झाला. वस्तुतः ती अट लेगसाहेबांची. आणि त्यांनीं तसें प्रामाणिकपणें दाखविलेंहि आहे.

दोषहि आहेत. कंसांच्या गर्दीमुळें वाचन अडखळत चालतें. आकृतींचीं नांवें त्यांनीं चिनीच राहूं दिलीं, त्यामुळें नवख्यास बोध होत नाहीं. शिवाय शकुनविद्येवर त्यांचा विश्वास नव्हता, इतकेंच नव्हे, तर ती विद्या त्यांस खुळी वाटे. ग्रंथाचें खरें मोल नीति आणि राजनीति यांच्या उपदेशांत आहे असें त्यांनीं मानिलें. तेव्हां जीं वचनें नुसतीं कौलाचीं, तींहि उपदेशाच्या सुरांत उतरलीं आहेत.

लेग यांचें हें भाषांतर ज्या मालेंत निघालें तिचें नांव ‘सेक्रेड बुक्स ऑफ दि ईस्ट’. संपादक मॅक्स म्युल्लर. १८७९ ते १९१० ह्या काळांत एकूण पन्नास खंड. यि-चिंग हा तिचा सोळावा खंड. मराठी वाचकास अभिमान वाटावा अशी गोष्ट ही कीं, त्याच मालेंत, त्याच १८८२ सालीं, आठवा खंड निघाला तो आपल्या काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनीं केलेल्या भगवद्‌गीता, सनत्सुजातीय आणि अनुगीता यांच्या भाषांतराचा. तेलंगांचें वय त्या वेळीं अवघें बत्तीस. पुढें ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ति झाले, मुंबई विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरु झाले, आणि १८९३ सालीं अकालीं वारले. आमच्या माडीवरील कपाटांत ह्या खंडाची दिल्लीच्या मोतीलाल बनारसीदास यांनीं पुन्हां छापलेली प्रत आहे. ती खालीं आणून लेगच्या शेजारीं ठेविली तेव्हांच आमचा विचार सुकर झाला.

कारण मॅक्‌क्लॅची चीनच्या ग्रंथाविषयीं जें करूं पाहात होते, तेंच लॉरिन्सर नामक जर्मन पंडितानें १८६९ सालीं गीतेविषयीं केलें होतें. गीतेंतील कित्येक विचार ‘नव्या करारां’तून उचलले आहेत, असें त्यानें आपल्या भाषांतरांत प्रतिपादिलें. तेलंगांनीं १८७५ सालीं गीतेचें पद्यांत इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें आणि त्याच्या प्रस्तावनेंत ह्या मताचें मुद्देसूद खंडन केलें. त्यांत त्रागा नाहीं कीं घोषणा नाहींत. पुढें न्यायासनावर शोभला तोच पुराव्याचा विवेक तेथें आहे. सात वर्षांनीं त्या मालेसाठीं पुन्हां भाषांतर करावयाचें आलें तेव्हां त्यांनीं पद्य सोडून गद्य घेतलें, आणि जेथें शंकराचार्य, श्रीधर आदि टीकाकारांचे अर्थ निराळे पडतात तेथें ते टीपांत नोंदविले. घरचा मनुष्य भाषांतर करितो तेव्हां तो चुकत नाहीं असें नव्हे. गीतेच्या काळाविषयींचीं तेलंगांचीं सर्व अनुमानें आज कोणी जशींच्या तशीं घेत नाहीं. परंतु मतभेद कोठें आहे हें तो लपवीत नाहीं.

आतां दुसऱ्या पुस्तकाकडे वळूं. रिचर्ड विल्हेल्म हेहि जर्मन मिशनरी. ठिकाण त्या काळच्या जर्मनांच्या ताब्यांतील छिंगताव बंदर. चीनमध्यें १९११ सालीं राज्यक्रांति झाली. त्यानंतर जुन्या राजवटींतील जे विद्वान् तेथें आश्रयास आले, त्यांपैकीं लाव नाय-श्वान् यांच्यापाशीं बसून विल्हेल्म यि-चिंग शिकले. वृद्ध गुरूनें चिनींत अर्थ सांगावा, शिष्यानें जर्मनींत लिहावें, मग त्या जर्मनाचें पुन्हां चिनींत रूपांतर करून अर्थ जुळतो कीं नाहीं हें पाहावें, अशी त्यांची पद्धति. गुरु १९२१ सालीं वारले. ग्रंथ छापला गेला १९२४ सालीं. त्याचें बेन्सबाईंनीं केलेलें इंग्रजी भाषांतर १९५० सालीं न्यूयॉर्कहून निघालें. त्यास मानसशास्त्रज्ञ युंग यांची प्रस्तावना आहे. प्रस्तावना लिहितांना त्यांनीं स्वतः नाणीं टाकून, इंग्रजींत ह्या ग्रंथाचें स्वागत कसें होईल, असा प्रश्न ग्रंथासच विचारला!

ह्या भाषांतराची गोडी मोठी आहे. विल्हेल्म यांस ग्रंथाविषयीं प्रेम वाटतें, आणि गुरुमुखानें आलेला अर्थ वाक्यावाक्यांतून जाणवतो. पाश्चात्य वाचकांत यि-चिंग लोकप्रिय झाला तो ह्याच पुस्तकानें. परंतु दोन गोष्टी लक्षांत ठेवाव्या. एक, हें भाषांतराचें भाषांतर आहे. चिनीहून जर्मन आणि जर्मनाहून इंग्रजी. दुसरी, वचनाखालील विवरणांत प्राचीन टीकाकार किती आणि स्वतः विल्हेल्म किती, हें पुष्कळदां कळत नाहीं. लेगच्या कंसांनीं वाचक अडखळतो. विल्हेल्मच्या ओघांत तो वाहून जातो. आमच्याकडे एडविन आर्नल्ड यांनीं १८८५ सालीं गीतेचें जें इंग्रजी पद्य केलें त्याची जात कांहींशी हीच. तें मूळाबरहुकूम नाहीं. पण विलायतेंत शिकत असतां गांधीजींना गीतेची ओढ लागली ती ह्याच पुस्तकानें. तेव्हां सैल पण जिवंत भाषांतरास कमी लेखूं नये. मात्र एखाद्या शब्दावर पैज लावावयाची असेल तर तें हातीं घेऊं नये.

राहिला तो ‘दिवंगत’ शब्द. मूळांत ‘खाव्’ असें एकच अक्षर आहे. चीनच्या एका प्राचीन कोशांत त्याचा अर्थ नुसता ‘पिता’ असा दिला आहे. आचारधर्माच्या ग्रंथांत मात्र जिवंत पित्यास एक शब्द आणि मृत पित्यास हा, असा भेद केलेला आहे. म्हणजे लेगहि निराधार नाहींत आणि विल्हेल्महि नाहींत. एकानें कोश धरिला, दुसऱ्यानें रूढि. आणि आकृतीच्या नांवाचें काय? तें ‘कू’. त्या अक्षराचें चित्र भांड्यांतील किड्यांचें आहे. त्यावरून बिघाड, नासणें हा अर्थ पुढच्या टीकाकारांनीं घेतला. परंतु १८९९ सालीं चीनमध्यें शकुनासाठीं वापरलेल्या हाडांवरील व कासवांच्या कवचांवरील अतिप्राचीन लेख विद्वानांच्या दृष्टीस पडले, आणि त्यांत हाच शब्द आजार किंवा बाधा यांसाठीं, तीहि पितरांच्या कोपानें झालेली, असा आढळला. म्हणून कांहीं आधुनिक अभ्यासक ‘पित्याचा कू’ याचा अर्थ पितरांची बाधा असा करितात. आमच्याकडे सरळ ‘पितृदोष’ म्हणतील! त्या अर्थानें घेतलें तर वचनांत जिवंत बापाच्या चुकीचा प्रश्नच उरत नाहीं.

याच हाडांवरील लेखांनीं दुसराहि एक मोठा शब्द हालविला. ‘चन्’ हा शब्द ग्रंथांत पदोपदीं येतो. लेगनीं त्याचा अर्थ सचोटी व दृढता असा केला, विल्हेल्म यांनीं चिकाटी असा केला, आणि दोघांसहि शतकानुशतकांच्या टीकेचा आधार होता. हाडांवर मात्र तो ‘कौल लावणें’ ह्या साध्या अर्थानें कोरलेला आहे. पुढें १९७३ सालीं मावांग्द्वी येथील, इसवी सनापूर्वीं १६८ मध्यें बंद झालेल्या थडग्यांत, रेशमावर लिहिलेली यि-चिंगची प्रत निघाली. तींत आकृतींचा क्रमहि निराळा. ह्या प्रतीचें इंग्रजी भाषांतर एडवर्ड शॉनेसी यांनीं केलें आहे. हें सारें लेग यांस ठाऊक असणें शक्य नव्हतें. जें साधन त्यांच्या काळीं जमिनींत पुरलेलें होतें, तें न वापरल्याचा दोष त्यांस देणें अन्यायाचें. आणि तें आतां वर आलें असतां लेग म्हणतात तोच शेवटचा शब्द असें धरून बसणें आळसाचें.

एवढ्या शोधानंतर आम्हांस चार प्रश्न हातीं लागले. कोणत्याहि परक्या ग्रंथाचें जुनें भाषांतर हातीं आलें कीं ते विचारावे. भाषांतरकार मूळाचें भाषांतर करितो कीं टीकेचें, आणि तें तो सांगतो काय? पदरचा शब्द घातला तर तो ओळखूं येईल असा ठेविला आहे काय? त्याच्या काळीं काय उपलब्ध होतें, आणि त्यानंतर काय सांपडलें? आणि शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा : तो ग्रंथाजवळ शिकावयास गेला कीं आपलें मत सिद्ध करावयास? पहिल्या दोन प्रश्नांत लेग उत्तम उतरतात, विल्हेल्म मध्यम. चौथ्यांत विल्हेल्म उत्तम, लेग मध्यम. मॅक्‌क्लॅची चौथ्यांतच नापास होतात. तिसऱ्यांत तिघांसहि काळाचा लाभ नव्हता. तेव्हां ज्यास अभ्यास करावयाचा आहे त्यानें लेग जवळ ठेवावा आणि कंस डोळ्यांनीं वाचावे. ज्यास ग्रंथाची चव घ्यावयाची आहे त्यानें विल्हेल्म वाचावा. आणि शब्दाच्या मूळ अर्थाचा प्रश्न येईल तेथें नवीन अभ्यासकांस विचारावें. जुनें म्हणून टाकूं नये, आणि जुनें म्हणून मानूंहि नये.

हें सारें पुतण्यास सविस्तर लिहून कळविलें. त्यानें फोनवर विचारलें, “मग काका, पुन्हां एकदां नाणीं टाकून पाहूं का?” त्यास आम्हीं ग्रंथाचीच चौथी आकृति दाखविली. तेथें असा नियम सांगितला आहे कीं, पहिल्यानें विचारणारास उत्तर मिळतें. तेंच पुन्हां पुन्हां विचारणें ही सतावणूक होय, आणि तिला उत्तर नाहीं. नवलाची गोष्ट ही कीं, येथें लेग आणि विल्हेल्म यांचें एकमत आहे.

खरें सांगावयाचें तर घरांतल्या प्रश्नाचा निकाल त्याच्या बराच आधीं लागला होता. तृतीयेच्या संध्याकाळीं वहिनी दिवा लावून ओसरीवर आल्या आणि मुलास म्हणाल्या, “बाप समोर बसला असतां पुस्तकाला कशाला विचारायचं?” मुलगा थोडा वेळ गप्प राहिला, मग त्यानें दादांकडे शेताच्या हिशेबाची वही मागितली. दादा स्वतः उठले, आंतून वही घेऊन आले, आणि बोअरच्या कर्जाचें पान आपण होऊन काढून त्याच्यापुढें ठेविलें. रात्रीं बऱ्याच उशिरापर्यंत दोघे बोलत बसले होते. इतक्या वर्षांत त्या पानाविषयीं घरांत झालेलें तें पहिलेंच बोलणें. नोकरी सोडावयाची कीं नाहीं हें अद्याप ठरावयाचें आहे; पण पाऊस पडून पेरणी होईपर्यंत तो दर पंधरवड्यास केनवडला येणार, एवढें ठरलें आहे. दुसऱ्या दिवशीं पहाटे भेंडवळचें भाकीत नेहमींप्रमाणें सर्वांनीं ऐकलें, आणि नेहमींप्रमाणें आपापल्या कामास लागले.